घाटासाठी राखलेला श्वास

कुतुबुद्दीनने भिंतीवरची ढाल खाली उतरवली, खांद्यावरच्या रुमालाने तिच्यावरची नसलेली धूळ पुसली, आणि ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता, धाकट्या भावाकडे मान वर करून न बघताच विचारलं, "घेतलीस?"

जहीर अंगणात उभा होता. त्याच्या मागे तुका, धोंडी आणि रफीक, जव्हारच्या सायकल संघातले त्याचे तिघे जोडीदार, मयताला आल्यासारखे गप्प. समोर स्वयंपाकघराच्या पडद्याआड नजमाभाभी... तिचा दमेकरी श्वास बारीक शिट्टीसारखा वाजत होता, आणि त्या सगळ्या शांततेत जहीरला तेवढाच ऐकू येत होता.

"घेतली, भाईजान."

"कुणी दिली?"

"कुणी नाही. माझी मी घेतली."

खोटं! भाईजानशी तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि तेही इतक्या सरळ तोंडाने की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पडद्यामागून एक हुंदका आला. कुतुबुद्दीनने ढालीला सुतळीची गाठ मारली आणि म्हणाला, "मग या घरात तुझं ताट नाही." एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो ओरडणाऱ्यातला नव्हताच.

ही ढाल म्हणजे साधीसुधी वस्तू नव्हे. कुतुबुद्दीनचं जव्हारच्या बाजारात सायकलचं दुकान. भाड्याच्या सायकली द्यायच्या, पंक्चर काढायचं, वाकड्या चाकांचे आऊट काढायचे, यात जन्म गेलेला. त्यातून त्याला हे वेड लागलं, की आपल्या डोंगरातली पोरं शहरातल्या पोरांना सायकलवर हरवतील. लोक हसले. हसणाऱ्याचे दात दिसतात, असं म्हणून तो कामाला लागला. पोशेऱ्याचा तुका, सूर्यमाळचा धोंडी, बाजारातल्या शिंप्याचा रफीक आणि घरचा जहीर, अशा चौघांना त्याने चार वर्षं चढ-उतारावर पळवलं, आणि शेवटी ठाणे ते नाशिक या मोठ्या शर्यतीत, कसाऱ्याच्या घाटात, जहीर सगळ्यांना मागे टाकून असा काही वर गेला की प्रत्येक संघातल्या पहिल्या तिघांच्या वेळेची बेरीज झाली तेव्हा जव्हारचं नाव पहिलं होतं, आणि ही ढाल त्यांची झाली. एस.टी.तून उतरलेल्या पोरांना लोकांनी खांद्यावर घेतलं. तुकाला ठाण्याच्या एका कारखान्याने आपल्या संघात नोकरी देऊ केली.

पण दिल्लीला एशियाड झाल्यापासून शर्यतींत लघवी तपासण्याचं नवं प्रकरण आलं होतं. जहीरच्या तपासणीत एफेड्रिन नावाचं बंदी घातलेलं औषध निघालं, आणि नियम असा की एकाच्या अंगात सापडलं की चौघांची वेळ बाद! दुसऱ्या आलेल्या संघाला पहिला ठरवलं, ढाल त्यांना द्यायची झाली. जव्हारच्या संघाला एक वर्ष बंदी, जहीरला तीन. कारखान्याने तुकाला निरोप धाडला की सध्या जागा नाही.

चौकशीला बोलावलं तेव्हा शर्यतीच्या समितीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी जहीरला समजुतीने विचारलं होतं, "घरात कुणाला दमा आहे का रे? दम्याच्या गोळीत हेच असतं." आणि त्या क्षणी जहीरच्या काळजात लख्ख उजेड पडला. शर्यतीला निघताना भाभीने बाटलीत भरून दिलेलं ते गूळ-लिंबाचं पाणी... "कडवट लागतंय, भाभी," एक घोट चाखून तो म्हणाला होता. "लिंबाची बी गेली असेल," असं म्हणून तिने हसून पदराने त्याचं तोंड पुसलं होतं. त्या अख्ख्या थंडीत भाभी रात्ररात्र उशीला टेकून बसून काढत होती, आणि गोळ्या संपल्या म्हणत होती. संपल्या नव्हत्या. तिने त्या साठवल्या होत्या! जी गोळी माझी छाती मोकळी करते ती माझ्या पोराला घाट चढवेल, असा त्या माउलीचा साधा हिशोब. त्याला सांगितलं असतं तर त्याने घेतली नसती, म्हणून तिने ती कुटून पाण्यात घातली. दवाखान्यातून मिळालेलं औषध कधी गुन्हा ठरेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. गावात तर बोलवा अशी की जहीरने हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांकडून नशेची गोळी घेतली, आणि बिचारी नजमाही तेच खरं मानून रडत होती.

डॉक्टर म्हणाले होते, ज्याने दिली त्याला समोर आण, तुझी बंदी कमी होईल. जहीरच्या डोळ्यांसमोर ते लांब टेबल आलं, टेबलामागचे ते साहेब आले, आणि त्यांच्यापुढे बुरख्यात थरथरणारी भाभी आली. पण खरी भीती त्याहून मोठी होती. त्याची आई गेली तेव्हा तो रांगत होता, त्याला वाढवलं ते तेव्हा नवी नवरी असलेल्या भाभीने. लहानपणी एकदा भाभीसाठी फणस काढायला म्हणून तो झाडावर चढला, पडला, हात मोडला, आणि भाभीने त्या दिवसापासून फणसाला हात लावला नाही. अशी ती! या गोळीने आपल्या घराची अब्रू घेतली असं तिला कळलं, तर ती पुन्हा गोळी तोंडात घालील? आणि गोळीवाचून तिचा श्वास किती दिवस चालेल? नाही... माझी इज्जत जाऊ दे, भाभीचा श्वास राहू दे, असं त्याने ठरवलं आणि ओठ शिवून टाकले.

तो मोखाड्याला गेला. एस.टी. थांब्याजवळ आंब्याखाली पंक्चर काढायला बसू लागला. पोशेऱ्याला जाणारा तुका समोरून जायचा आणि मान फिरवायचा, ते मात्र जहीरला फार लागायचं. भाऊ एका शब्दाने बोलला नाही. भाभी मात्र नवऱ्याच्या नकळत, म्हणजे नवऱ्याला कळूनही तो न बघितल्यासारखं करायचा, कंडक्टर नवशाच्या हाती डबा धाडायची.

एका वर्षीची शर्यत हुकली, मग संघाची बंदी संपली. दुसऱ्या थंडीत तीच शर्यत पुन्हा आली. तुका, धोंडी, रफीक असे तिघेच उतरणार होते. चौथी जागा कुतुबुद्दीनने भरली नव्हती. माणूस मिळाला नाही, असं तो लोकांना सांगायचा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी नवशाने डबा दिला आणि सहज म्हणाला, "तुझी भाभी लई थकली रे. थांब्यापर्यंत आली तर धाप लागून खाली बसली. गोळ्या संपल्यात म्हनते, महिना झाला."

जहीरने पाना तिथेच टाकला. संपल्यात? की पुन्हा साठवल्यात... आणि या वेळी कुणासाठी? घाट आता तुका चढणार होता!

एका भल्या माणसाची पंक्चर काढलेली सायकल त्याने न विचारताच उचलली आणि जव्हारच्या रस्त्याला लागला. दोन वर्षांत त्याने चढ बघितला नव्हता, मांड्या आगीसारख्या पेटल्या, पण डोळ्यांपुढे एकच होतं. बोलावं तर भाभी जाईल, न बोलावं तर तुका बुडेल, संघ कायमचा संपेल. रस्ता संपला तरी त्याचं ठरत नव्हतं.

तो अंगणात शिरला तेव्हा दिवेलागण होत होती. संघ ठाण्याला निघायच्या तयारीत, आणि ओट्यावर पाण्याच्या तीन बाटल्या भरून ठेवलेल्या. तुकाच्या बाटलीला नेहमीसारखी निळी चिंधी बांधलेली. जहीरने कुणाशी शब्द न बोलता ती तेवढी उचलली, बूच काढलं आणि सगळं पाणी मातीत ओतलं.

कुतुबुद्दीनचा हात उठला आणि गालावर बसला. "स्वतः बुडालास, आता यांनाही बुडवायला आलास?" दोन वर्षांनी भावाच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. जहीर खाली मान घालून उभा होता. त्याचं काम झालं होतं. आता काय म्हणायचं ते म्हणा.

पण भाभी पडदा सारून पुढे आली. ती ओल्या मातीकडे बघत होती.

"बाटल्या तीन होत्या," ती म्हणाली. "तू तुकाचीच का ओतलीस?"

"हाताला आली ती ओतली."

"माझ्याकडे बघून बोल, जहीर. हिच्यात गोळी होती, हे मला एकटीला ठाऊक. तुला कसं कळलं?" तिचा श्वास अडकला. ती ओट्याला धरून उभी राहिली. "त्या वेळी... जे सापडलं... ती माझी गोळी होती?"

"नाही, भाभी! ती ट्रकवाल्याची..."

"खोटं बोलायला मी तुला शिकवलं नाही, म्हणून तुला येत नाही," ती म्हणाली. आणि तिथेच सगळ्यांसमोर, त्या परक्या पोरांसमोर, आयुष्यात कधी नवऱ्यापुढे चढ्या आवाजात न बोललेल्या त्या बाईने सगळं सांगून टाकलं. कशा साठवल्या, कशा कुटल्या, कशाला घातल्या. कुतुबुद्दीन ऐकता ऐकता खाली बसला. भाभी कोसळेल म्हणून जहीर पुढे धावला, पण तिने त्याचा हात झटकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता, आणि राग जास्त होता.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गोळ्या सोडल्या असत्या, भाभी. तुम्ही... तुम्ही जगला नसतात."

"म्हणजे मला इतकी कच्ची समजलास? माझ्या चुकीचं ओझं मला पेलणार नाही, असं तुला वाटलं? दोन वर्षं तू स्वतःला, माझ्या लेकराला, चोर ठरवलंस, जहीर, आणि मलाही ते मानायला लावलंस. हे मी तुला लवकर माफ नाही करायची." एवढं बोलून तिने कमरेची पुरचुंडी सोडली, उरलेल्यांतली एक गोळी तोंडात टाकली, आणि म्हणाली, "मी पण येते नाशिकला."

कुणाची ना म्हणायची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुका घाटात असा चढला की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. जव्हारचा संघ तिसरा आला. साधं पाणी पिऊन तिसरा! तुका तपासणीच्या खोलीत गेला, आणि त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर समिती बसली होती. नजमा जिना चढताना दोनदा थांबली. दाराशी तिने बुरख्याचा पडदा वर केला, श्वास जागेवर येईपर्यंत उभी राहिली, आणि आत गेली. तिने कुणालाच सोबत घेतलं नाही. जहीर आणि कुतुबुद्दीन दाराबाहेर दोन टोकांना उभे होते.

जे दृश्य कल्पून जहीर दोन वर्षं घाबरत आला होता ते आता दारापलीकडे घडत होतं, आणि आतून येणारा आवाज थरथरत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, मुलाला खरंच ठाऊक नव्हतं का?

"तो कधी विचारत नाही, साहेब. मी देते ते खातो. लहानपणापासून."

कुणीतरी कागद चाळत म्हणालं, बाई, निकाल आता बदलत नाही, ढाल परत मिळणार नाही. नजमा म्हणाली की ढाल मागायला ती आलेलीच नाही. मग त्या साहेबाने जरा चिडूनच विचारलं, की तुम्ही आहात तरी कोण?

"संघाचं जेवणखाण मी करते," ती म्हणाली. "चार वर्षं केलं. म्हणजे मी पण संघातलीच. चूक माझी, तर बंदी मला द्या. त्याची काढा."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दाराच्या फटीतून जहीरला दिसलं, की ते म्हातारे डॉक्टर उठून उभे राहिले होते आणि तिला बसायला आपली खुर्ची देत होते. या बाईला वाचवायला निघालो होतो मी! आणि लाज वाटायच्या ऐवजी त्याला इतका अभिमान वाटला, की तो भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडू लागला.

भाभी बाहेर आली तेव्हा सांगायला फार नव्हतं. बंदीचा फेरविचार पुढच्या बैठकीत करू, पण नावापुढे 'अजाणता' असं आजच लिहितो, एवढं त्यांनी कबूल केलं होतं. जिन्याखाली तुका उभा होता, तपासणी आटोपून आलेला. तो जहीरकडे आला, त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याने त्याला गदागदा हलवलं, आणि मग भाभीकडे वळून म्हणाला, "भाभी, जेवान तुमचंच. पानी मात्र आता आमी आमचं भरू."

नजमा हसली, दोन वर्षांत पहिल्यांदा. कुतुबुद्दीन अजून भिंतीलाच टेकून होता. माफी मागायची म्हणजे काय बोलायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो पुढे आला, आपण मारलेल्या गालावर त्याने एकवार हात ठेवला, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "चौथी जागा मी भरली नाही."

"ठाऊक आहे, भाईजान," जहीर म्हणाला.