कोळीणबाईचे चिकटलेले तळवे

पडद्यावर माझ्या कोळीणबाईनं नमस्कार सोडला आणि तिच्या दोन तळव्यांमध्ये च्युइंगमसारखी कातडी ताणली गेली. हात जितके उघडावेत, तितकी ती लांबत होती.

चंद्रावरच्या आमच्या वसाहतीत उद्या शाळा मुलांनी संगणकावर घडवलेलं एक चलचित्रातलं पात्र निवडणार होती. पृथ्वीवरून येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत तेच पात्र वसाहतीच्या घुमटावर झळकून करणार. आणि निवडला जाणार माझ्या चुलतभावाचा, रुद्राक्षचा पैलवान! तो पैलवान कमरेवर हात ठेवून नुसता उभा असला, तरी आजोबा म्हणायचे, "काय हात आहे या पोराचा!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"त्यानंच माझी बाई बिघडवली," मी आजोबांना म्हणाले. आजोबा वसाहतीसाठी यंत्रमानव घडवतात.

"त्याला कशाला मध्ये आणतेस, शर्वाणी? हात जोड बघू."

मी तोंड फुगवूनच हात जोडले.

"पात्राच्या आत हाडं असतात (न दिसणाऱ्या दांड्या). कातडी म्हणजे हजारो ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर हाडांचा भार असतो (कुठल्या हाडाचं किती ऐकायचं, ते प्रमाण). तो ठरवताना संगणक अंतर बघतो. जे हाड जवळ, त्याचं जास्त ऐकायचं. आता तुझ्या उजव्या तळव्याजवळ कुठली हाडं आहेत?"

"उजव्या हाताची... आणि डाव्याचीही! बाईला मी हात जोडलेलीच घडवली, म्हणजे ठिपके दोघांचं ऐकतात आणि दोन्हीकडं ओढले जातात!"

"मग काय करशील?"

मी कातडी हाडांपासून सोडवली. बाईचे हात दोन्ही बाजूंना पसरलेले असे पुन्हा घडवले, हाडंही तशीच ठेवली आणि मग कातडी बांधली. बाईनं हात जोडले, उघडले. तळवे अगदी सुटे!

रुद्राक्षला खिजवायला मी धावले, तर तो रडकुंडीला आलेला. पैलवान शड्डू ठोकायला हात उचलायचा आणि कमरेची कातडी हाताबरोबर वर यायची.

मला आनंद झाला. खूपच झाला. गप्प राहिले असते, तर घुमटावर माझीच बाई!

"आजोबांना का नाही विचारलंस?" मी म्हणाले.

"ते म्हणतात माझा हात छान आहे. मग कसं विचारायचं?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी खुर्ची ओढली. "त्याला आधी हात पसरून उभा कर. कातडी नंतर बांध."

पैलवानानं झोकात शड्डू ठोकला आणि मी पुन्हा जळले. फार छान दिसत होता तो.

"उद्या मी तुला हरवणार," मी म्हणाले.

"हरव. पण तुझ्या बाईची बोटं इतकी सुंदर कशी वळतात, ते मला आधी शिकव."

त्या रुद्राक्षनं मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.