केसभर सरकलेला लाल

आता जे सांगतो त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज. बसला, तर या गच्चीवरून मी उलट्या पावली जिना उतरेन. गुळवणी, आत्तापासून मान हलवू नकोस, मी अजून सुरुवातही केलेली नाही. खाली आमची ही चहा टाकतेय. तो वर येईस्तोवर गोष्ट संपते. भडंग घ्या आणि ऐका.

ज्या वर्षी माणसं जाहिरातींच्या फलकांना धडकायला लागली, त्या वर्षीची ही गोष्ट. धडकायला म्हणजे अक्षरशः! चौकात दुमजली फलक, त्यावर हसरी बाई, हातात साबण. आणि लोक सरळ चालत जाऊन तिच्या गुडघ्यावर कपाळ आपटायचे. फलक त्यांना दिसायचाच नाही. शेवटी पालिकेने फलकाफलकापाशी शिट्टीवाले नेमले. तर शिट्टीवाल्यांचा गणवेश इतका टापटीप, की लोक त्यांनाही धडकायला लागले.

"नाना, काहीतरीच," गुळवणी म्हणालाच.

काहीतरीच नाही. कारण ऐक. आपल्याला वाटतं, डोळा फोटो काढतो आणि मेंदू तो बघत बसतो. तसं नसतं. मेंदू म्हणजे पंगतीतला मुरलेला वाढपी. पानात कुठे काय असणार हे त्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो पानाकडे बघतच नाही. मीठ राहिलं किंवा कोशिंबीर उजवीकडे पडली, की मात्र त्याला पटकन खटकतं. म्हणजे मेंदू आधी अंदाज बांधतो आणि अंदाज चुकेल तेवढंच बघतो. बाकीचं जग तो मनानेच रंगवून घेतो.

पूर्वी हे चालून जायचं, कारण जगात चुका भरपूर होत्या. मग चित्रं काढणारी यंत्रं आली. त्यांनी जगातली सगळी चित्रं पचवली आणि त्यातलं सगळ्यात सुबक तेवढं काढायचा सपाटा लावला. प्रत्येक नाक सरळ, प्रत्येक आंबा तजेलदार, प्रत्येक बाळ गुटगुटीत. साबणाची बाई आणि सिमेंटची बाई, दोघी सख्ख्या बहिणी. मेंदू म्हणाला, हे मला पाठ आहे, पुढे चला. आणि 'पुढे चला' म्हणत म्हणत त्याने चित्रं बघणं सोडूनच दिलं. या दुखण्याला नाव पडलं सवयांधळेपण. रातांधळेपणाचा हा धाकटा भाऊ. थोरला रात्री छळतो, हा दिवसाढवळ्या.

हे शोधून काढून डॉक्टर झालेला शास्त्रज्ञ आपल्याच कृष्णाकाठचा. खरं नाव सांगत नाही, गृहस्थ लाजाळू आहे. विश्वंभर म्हणू. हसू नकोस रे गुळवणी. आणि त्याची बायको कुमुद. ही भडंग करायची. चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, तिखट आणि वर मेतकुटाचा हात. वासानेच शेजारच्या तीन घरांतली भांडणं मिटायची. पण पाकीट यंत्राने काढलेलं. निर्दोष! मगदूमच्या दुकानात अगदी समोरच्या फळीवर ठेवलेलं, तरी गिऱ्हाईक त्याच्यावरून हात नेऊन मागची बिस्किटं काढायचं.

"वहिनी," मगदूम एकदा म्हणाला, "राग मानू नका. दसऱ्यापर्यंत ठेवतो. मग फळी मोकळी करावी लागेल."

कुमुद घरी आली. विश्वंभर जेवायला बसला होता. त्याच्या एका हातात घास, दुसऱ्या हातात त्याचाच लेख.

"अहो, माझं पाकीट कुणाला दिसत का नाही?"

विश्वंभर खूश झाला. लग्नानंतर बायकोने पहिल्यांदाच त्याच्या विषयातला प्रश्न विचारला होता. लेखावरून नजर न काढता त्याने वाढप्याची ती सगळी गोष्ट सांगितली.

"म्हणजे जे अगदी बरोबर असतं, ते दिसत नाही?"

"बरोबर नव्हे गं, ठरलेलं. जे ठरल्याबरहुकूम असतं ते दिसत नाही."

"आणि मुद्दाम चूक केली तर?"

"दिसेल की! नजर चुकीला ठेचकाळते. ठेचकाळली की जागी होते."

"रोज तीच चूक केली तर?"

"मग मेंदू त्या चुकीचाही अंदाज बांधतो. परत अंधार."

"माणसांचंही असंच असतं का हो?"

"माणसांचं काय?"

कुमुदची वेणी लग्नापासून कमरेपर्यंत होती. श्रावणात तिने ती खांद्यापर्यंत कापली होती आणि आता भाद्रपद निम्मा सरला होता. तिने त्याच्यासमोर मान या बाजूला वळवली, मग त्या बाजूला वळवली.

"उकडतंय का तुला?" विश्वंभर म्हणाला. "पंखा लाव ना."

कुमुदने पंखा लावला. पण त्या क्षणी तिला कळून चुकलं, की न दिसणारी पाकिटं दोन आहेत. एक मगदूमच्या फळीवर पडलंय आणि एक या घरात उभं आहे.

दुसऱ्या दिवशी ती रेहाना मुल्लाच्या वर्गात जाऊन बसली. रेहाना तिशीची, जिभेने तिखट. तिचा वर्ग जुन्या छापाचा, म्हणजे काड्यापेट्या, फटाक्यांचे खोके, दंतमंजनाचे डबे, भिंतीवरची कॅलेंडरं यांच्यावर जशी चित्रं असायची तशी काढायला शिकायचं. पण कागदावर नाही, काचेच्या पाटीवर, विजेच्या लेखणीने.

पहिल्या दिवसाचा धडा एकच: पाटीतलं 'सुधार' बंद करा. हे सुधार म्हणजे पाटीतला आगाऊ जावई. तुम्ही वाकडी रेघ काढली, की तो विचारल्याशिवाय सरळ करतो. ते बंद करायचं बटण सातव्या पडद्याआड लपवलेलं, आणि दाबलं की पाटी काकुळतीला येऊन विचारायची, 'खात्री आहे ना? नक्की ना? एकदा घरच्यांशी बोलून बघता का?'

कुमुदने ते बंद केलं आणि पहिली रेघ ओढली. ती थरथरली आणि थरथरलेलीच राहिली. कुमुदला इतका आनंद झाला, की तिने पाटीभर नुसत्या रेघाच काढल्या.

मग रेहानाने रंग शिकवले. "जुन्या छापखान्यात कागद यंत्रातून एकदा नाही, चारदा जायचा. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळा. कागद मध्येच केसभर हलला, की लाल रेषेबाहेर पडायचा. बाईचे ओठ इकडे आणि लाली तिकडे. म्हणून तर ती बाई आत्ता बोलेल असं वाटायचं. आपल्या पाटीत चार रंगांचे चार थर आहेत, एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे. त्यातला एक सरकवायचा. करा."

कुमुदने भडंगाच्या पाकिटासाठी बाई काढली. आरशात बघून स्वतःचाच चेहरा काढला, फुकटात दुसरं कोण बसणार? अंबाडा आणि गजरा तेवढा मनाने घातला, कपाळावर टिकली. मग तिने मोठ्या हिमतीने थर सरकवला. तिने चारही थर एकदम धरले होते, त्यामुळे अख्खी बाईच उठून पाकिटाच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

"बाई रुसली वाटतं," रेहाना म्हणाली.

दुसऱ्या खेपेला एकटा लाल सरकवला, पण हात सैल सुटला. ओठ कानापाशी गेले.

"मावशी, ही कानाने बोलते का?"

"तूच म्हणालीस ना चूक कर!"

"चूक करा कुठे म्हणाले? तो छापखानेवाला काय मुद्दाम चुकायचा? तो जीव तोडून बरोबर करायला जायचा आणि कागद त्याला दगा द्यायचा. बरोबर करायला जा आणि दगा बसू द्या. नाहीतर दिसतं ते सोंग."

हे शिकायला कुमुदला अख्खा पितृपक्ष लागला. पोळ्या लाटताना तिची बोटं हवेत थर सरकवायची. घरात कुणी नसलं की ती नव्या चित्राकडे बघून एकटीच खुदकन हसायची. विश्वंभरला यातलं काही दिसलं नाही, हे सांगायला नकोच.

शेवटी तिने मन लावून अक्षरं रेखली. 'कुमुदताईंचे चविष्ट भडंग'. 'वि'ची वेलांटी तिने हौसेने लाल थरात काढली होती. बाईची टिकलीही त्याच थरात. लाल धरला, बरोबर जागी बसवायला गेली, आणि लेखणी निसटली. लाल केसभर डावीकडे आणि जरासा वर गेला. टिकली कपाळाच्या मध्यावरून ढळली. वेलांटीची कमान वरच्या पट्टीखाली गडप झाली. मागे उरलेला दांडा मागच्या 'च'ला जाऊन चिकटला. शेवटच्या जोडाक्षरातला अर्धा 'ष' आधीच गजऱ्याखाली झाकला गेला होता. सुधार बंद, त्यामुळे पाटी मूग गिळून बसली.

रेहानाने वाचलं, "कुमुदताईंचे... चावट भडंग."

"अगं बाई! पुसते, पुसते."

"खबरदार!" रेहाना ओरडली. "मुद्राराक्षस पावलाय, मावशी! लोक त्याला शिव्या देतात. इथे मी वर्षानुवर्षं त्याला नवस बोलतेय."

घटस्थापनेला नवी पाकिटं मगदूमच्या फळीवर गेली. पहिलं गिऱ्हाईक बिस्किटाकडे हात नेता नेता ठेचकाळलं. त्याने डोळे चोळले, वाचलं आणि असं हसलं की मगदूम हातातला तराजू टाकून धावत आला. पाचव्या माळेला दुकानाबाहेर रांग लागली. काय म्हणतोस गुळवणी, रांग कुठवर? थेट घाटापर्यंत! शेवटची दोन माणसं तर नदीत उभी होती. आणि कुमुद हुशार. प्रत्येक खेपेला ती थर नव्याने बसवायला जायची आणि हात नव्याने चुकायचा. कधी लाल सरकायचा, कधी निळा, कधी गजराच अंबाडा सोडून निघायचा. दसऱ्याला मगदूमने फळी मोकळी केली खरी, पण बिस्किटांची.

आता पुढचं ऐका. त्याच दसऱ्याच्या संध्याकाळी विश्वंभर एक पाकीट छातीशी धरून घरी आला. डोळे लुकलुकत होते.

"कुमुद, हे बघ! वर्षानुवर्षं मी एवढा टक्क जागा होऊन काही बघितलं नव्हतं. काय जिवंत बाई आहे! टिकली बघ, जागेवर नाही. ओठ बघ, आत्ता काहीतरी टोमणा मारेल. कोण असेल गं ही?"

कुमुदची पोळी तव्यावर फुगली आणि फुटलीसुद्धा. जगात बायकांना सवती आल्या असतील. पण स्वतःच स्वतःची सवत झालेली ही पहिलीच.

"नाव लिहिलंय की त्यावर," ती म्हणाली.

"नाव वाचतोय कोण, चेहऱ्यावरून नजर हटेल तर! कुठेतरी पाहिलंय हिला. कॉलेजात होती का आपल्याबरोबर?"

"होती ना. तुमच्या पुढच्या बाकावर बसायची."

"बघ! आता कुठे असते?"

सांगावं का? सांगितलं तर तो हसेल, माफी मागेल आणि उद्या पुन्हा वर न बघता मीठ मागेल. कुमुदने गॅस बंद केला. आरशापाशी गेली. कपाळाच्या बरोबर मध्ये लावलेली टिकली काढली आणि केसभर डावीकडे लावली. मग येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

विश्वंभरने मान वर केली. खाली घातली. आणि ठेच लागल्यासारखी पुन्हा वर केली. एकदा पाकिटाकडे बघितलं, एकदा बायकोकडे. पाकीट त्याच्या हातातून सुटलं, चुरमुरे घरभर झाले.

"कुमुद," तो म्हणाला, "तू केस कधी कापलेस?"

"श्रावणात."

मग दोघं जमिनीवर बसून चुरमुरे गोळा करायला लागले. एक चुरमुरा उचलायचा आणि एकदा तिच्याकडे बघायचं, असं त्याचं चाललेलं. त्या रात्री स्वयंपाक राहिला तो राहिलाच, दोघांनी भडंगावरच भागवलं. आणि तेव्हापासून आजतागायत कुमुदची टिकली तशीच, केसभर डावीकडे. विश्वंभरही रोज सकाळ-संध्याकाळ आधी ती टिकली बघतो, मग चहाला तोंड लावतो. इतकी वर्षं झाली, एकदाही चुकला नाही. हं, आला का चहा? ठेव गं तिथे कठड्यावर. तर काय सांगत होतो, बाकीच्या गोष्टीत मी दोन-चार चुरमुरे जास्तीचे टाकले असतील, नदीतली माणसं वगैरे. पण हे शेवटचं अगदी अक्षर न् अक्षर खरं. वा, आलं छान पडलंय! अरे गुळवणी, हसतोस काय? आणि माझ्यामागे काय बघतोस?

"खोटं!" मागून आवाज आला. "संक्रांतीपासून मी टिकली उजवीकडे लावतेय, डॉक्टर. गुळवणी भावजींना पहिल्याच दिवशी दिसली."