धूर जातो कुठं

विजयमालेचं कार्ड आलं तेव्हा नाथाजी ओसरीवर घेवडा निवडत बसला होता. पोस्टमन कार्ड देऊन पुढं गेला. नाथाजीनं हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि सुनेचं ते टपोरं अक्षर दोनदा वाचलं. ‘दिवाळीला बाळाला घेऊन महिनाभर कोरेगावला यायचा विचार आहे. फक्त मामंजी, स्वयंपाकघरातल्या धुराचं काहीतरी करा. बाळाला तो सोसायचा नाही.’

सांगलीला विश्रामबागेत मुलाची नोकरी. नातू पाच महिन्यांचा झाला होता आणि नाथाजीनं त्याला एकदाच पाहिलं होतं, तेही झोपलेलं. त्याची बायको मनुबाई जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून या घरात भांडं वाजलं तर ते नाथाजीच्याच हातून. एक महिना घरात माणसं असणार, एवढ्या वाचण्यानंच त्याचा निवडलेला घेवडा पुन्हा न निवडलेल्यात मिसळला.

मग त्याला लाज वाटली. धुराचं काहीतरी करा, असं मनुबाई बावीस वर्षं म्हणत होती. पलटणीतून तो दरसाल दोन महिने घरी यायचा आणि दरसाल म्हणायचा, पुढच्या रजेला बघू. एका रजेत बहिणीचं लग्न निघालं, एका रजेत विहिरीचं काम. पुढं हवालदार म्हणून पेन्शनीत आला, तेव्हा रजाच संपल्या आणि बघायचं राहूनच गेलं. शेवटी तिला मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून विचारलं होतं, ‘बाई बिड्या ओढतात का?’

बायकोसाठी जे बावीस वर्षांत झालं नाही ते सुनेच्या एका कार्डानं होणार होतं. पण नातवाचा आनंद त्या लाजेला पुरून उरला, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं तो साताऱ्याला गेला. विजेच्या सामानाच्या दुकानात एक पंखा होता, भिंतीत बसवायचा, आतला धूर बाहेर फेकणारा. दुकानदारानं तो लावून दाखवला, पुढं वर्तमानपत्राचा कागद धरला, कागद जाळीला चिकटला. नाथाजी खूश झाला. मग त्याला कोरेगावची वीज आठवली. ऐन स्वयंपाकाच्या वेळी बल्ब निखाऱ्यासारखा लाल व्हायचा, तिथं पंखा काय फिरणार! स्टोव्ह घ्यावा तर रॉकेलच्या रांगेत अर्धा दिवस उभं राहून बाटलीभर मिळे. सरकारी ऑफिसात एका साहेबानं बिनधुराच्या चुलीचं चित्र दाखवलं. नळी असलेली, चांगली होती. ‘फक्त जुनी चूल फोडावी लागेल,’ साहेब म्हणाले. नाथाजी ‘बघतो’ म्हणून उठला. त्या चुलीच्या कडेवर मनुबाईच्या चार बोटांचे ओरखडे होते, सारवतानाचे. ती चूल काही त्याच्यानं फोडवली नसती.

राहिलं पत्र्याचं धुराडं. पलटणीच्या लंगरात, म्हणजे भटारखान्यात, त्यानं पाहिलं होतं. भट्टीवर उलट्या सुपासारखी पत्र्याची छत्री, तिला वर नळी आणि नळीला टोपी. त्याला ना वीज लागते, ना रॉकेल. त्यानं दस्तगीर पत्रेवाल्याला कागदावर माप काढून दिलं आणि चार दिवसांनी दस्तगीर पत्रा, कात्री आणि शिडी घेऊन कोरेगावात हजर झाला.

माप चुकलं होतं. नाथाजीनं उंची धरली होती उभ्या माणसाची, लंगरातल्या आचाऱ्याची. छत्री टांगून झाल्यावर दस्तगीरनं खाली चुलीकडं पाहिलं, वर पाहिलं आणि हसायला लागला.

‘हवालदार, हितं उभं ऱ्हाऊन कोन रांधतंय? बाया बसून सैपाक करत्यात न्हवं?’

नाथाजीही हसला, पण मनातून ओशाळला. बावीस वर्षं बायको कुठल्या उंचीवर धूर खात होती तेही त्याला ठाऊक नव्हतं. दस्तगीरनं नळीला जोड दिला, छत्री हातभर खाली घेतली. कौल सरकावून ठेवलेल्या जागेतून नळी वर काढली, भोवती चुना-सिमेंट भरलं आणि म्हणाला, ‘पेटवा.’

नाथाजीनं शेणी लावली. धूर उठला, क्षणभर घुटमळला आणि सुईत दोरा जावा तसा सरळ वर छत्रीत शिरला. स्वयंपाकघर लख्ख राहिलं. आढ्याची काळी लाकडं, काजळीची लोंबती जळमटं, फडताळातल्या पितळ्या, सगळं चूल पेटलेली असताना त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोळ्यांना पाणी आलं, पण ते धुराचं नव्हतं.

दस्तगीर काम बघायला परसात गेला. थोड्या वेळानं त्याची हाक आली.

‘हवालदार, जाळ इझला व्हय?’

‘न्हाई. चांगला लागलाय की. का?’

नाथाजी बाहेर आला. कौलांवर नवी नळी उन्हात चमकत होती. तिच्या टोपीतून काहीही निघत नव्हतं. मागं आकाश स्वच्छ निळं.

नाथाजी आत गेला. धूर भरभरून वर जात होता. तो बाहेर आला. नळी तशीच. दस्तगीर शिडी लावून वर चढला, टोपीवर हात ठेवला, मग नळीवर ठेवला आणि हात चटकन काढून घेतला. नाथाजीला वाटलं पोळला.

‘गार हाय,’ दस्तगीर म्हणाला.

त्यानं टोपी काढून वरून दोरीला खडा बांधून सोडला. खडा चुलीच्या कडेवर टक्‌कन आपटला. नळी मोकळी होती. खाली उतरून दस्तगीर बराच वेळ हात पुसत राहिला. ‘वाऱ्यानं धूर पांगत आसंल,’ तो म्हणाला. वारा नव्हता. नाथाजीनं चहा ठेवतो म्हटलं, तर एस.टी.ची वेळ झाली म्हणून तो निघाला. एस.टी.ला अजून तास होता.

नाथाजी पलटणीतला माणूस. न कळणाऱ्या गोष्टीला भिण्याआधी ती मोजून बघायची त्याची सवय. त्यानं कोरडी बाभूळ जाळून पाहिली, शेणी जाळल्या, शेवटी कडुनिंबाचा ओला पाला टाकला. त्याचा धूर तर पांढराफेक, दाट. तो सगळा छत्रीनं ओढून घेतला आणि बाहेर नळीवर एक चिमणी निवांत बसून होती.

शेजारच्या सुलाबाईनं कुडावरून विचारलं, ‘हवालदार, दोन दीस झालं चूल पेटवली न्हाईसा? जेवताय काय?’

‘पेटवलीया की. आत्ता बी पेटलीया.’

सुलाबाईनं कौलांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. संध्याकाळी तिनं वाटीभर आमटी धाडली, आजाऱ्याला धाडतात तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो भाकरी थापत होता. तवा तापला होता, जाळ जरा धुमसत होता, आणि कोणीतरी खोकलं.

त्याला वाटलं, सुलाबाई. पण सुलाबाई कधीच रानात गेली होती. पुन्हा खोकला आला. आधी दोन बारीक ढासा, मग एक लांब उबळ, आणि शेवटी श्वास आत घेताना छातीतून येणारी ती बारीक शीळ. आवाज छत्रीतून येत होता. पत्र्याला त्याचा किंचित नाद होता.

नाथाजीच्या हातातली भाकरी परातीत पडली. हा खोकला त्यानं हजारांतून ओळखला असता. लग्न झालं तेव्हा घरात वडीलधारे होते. त्यांच्यासमोर नवऱ्याला हाक मारायची सोय नव्हती. ताट वाढलं की मनुबाई दाराआडून दोनदा खोकायची आणि तो उठून आत जायचा. पुढं वडीलधारे गेले तरी तिनं त्याला कधी हाक मारली नाही, खोकलीच. आणखी पुढं खोकला थांबेनासा झाला. त्यातला हाकेचा कोणता आणि धुराचा कोणता, हे त्याला कळेनासं झालं. खरं तर त्यानं कळून घेतलंच नाही.

त्यानं लाकडं ओढून काढली, पाणी मारलं. खोकला लगेच थांबला नाही. धुरातून बाहेर आलेल्या माणसाचा थांबतो तसा हळूहळू कमी झाला. एक खाकरा आला. मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मनगटावरचं घड्याळ बघत त्यानं पुन्हा पाहिलं. बाभळीचा धूर थोडा, खोकलाही थोडा. शेणीचा धूर जास्त, खोकला जास्त. ओल्या पाल्याला तर तो असा सुरू झाला की नाथाजीनं घागर उपडी केली आणि कोपऱ्यात जाऊन डोकं धरून बसला. असं काही असतं यावर त्याचा विश्वास नव्हता. पण धूर कुठंतरी जात होता, एवढं त्यानं मोजलं होतं.

त्यानं चूल बंद केली. केळी खाल्ली, चुरमुरे खाल्ले, सुलाबाईची भाकरी खाल्ली. आंघोळ गार पाण्यानं. छत्रीतून चकार आवाज आला नाही.

चूल बंद केल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं मुलाला लिहायला कार्ड घेतलं. ‘धुराडं छान झालं आहे, खुशाल या,’ एवढंच तर लिहायचं होतं. पण महिनाभर तीन माणसांचा स्वयंपाक, बाळाचं पाणी, चकल्यांचं तळण. तो सगळा धूर त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. कौल काढून, धुराडं मोडून टाकावं, तर धूर पुन्हा घरात आणि बाळ त्या धुरात. कितीही फिरवलं तरी कुणीतरी खोकणारच होतं.

‘धुराडं जमलं नाही,’ त्यानं लिहिलं. ‘यंदा येऊ नका. बाळाला जपा.’

कार्ड पेटीत टाकून येताना त्याला बरं वाटलं. आयुष्यात एकदा तरी आपण हिच्यासाठी काहीतरी सोडलं, असं वाटलं.

ते बरं वाटणं दोन दिवस टिकलं.

मग घर त्याला खायला उठलं. आता कोणी येणार नव्हतं, या दिवाळीला नाही आणि बहुधा पुढच्याही नाही. सकाळी उठून तो चुलीपुढं बसायचा आणि गार राखेकडं बघायचा. दीड वर्षात या घरात एकच आवाज असा आला होता जो त्याचा स्वतःचा नव्हता, आणि तो त्यानंच घागर ओतून बंद केला होता. ते दोन दिवस, भीत असतानाही, घरात कोणीतरी आहे असं त्याला वाटलं होतं.

कार्ड टाकल्याच्या सहाव्या दिवशी दुपारी त्यानं चूल पेटवली. एकदाच, तो स्वतःला म्हणाला. आणि तो खोकला धुराचा कशावरून? ती हाकच असेल. ताट वाढलं की मारायची तशी.

दोन बारीक ढासा आल्या.

‘आलो,’ नाथाजी म्हणाला आणि चुलीपुढं मांडी घालून बसला.

आणखी दोन आल्या, मग बराच वेळ काही नाही. जाळ स्वच्छ लागला होता, धूर जवळजवळ नव्हता.

परसात शेणी रचल्या होत्या. वरच्या वाळलेल्या बाजूला करून त्यानं खालच्या सादळलेल्या काढल्या.

धूर दाटला. उबळ आली. शीळ आली. पुन्हा उबळ. पत्रा आतून थरथरत होता. नाथाजीच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण तो हलला नाही.

मग खोकता खोकता, दम खाऊन, ती बोलली. पहिल्यांदाच.

‘आवं, लाकडं मागं घ्या की जरा.’

आवाज अगदी जवळचा होता, थकलेला, रोजचा. ती जिथं असेल तिथून तिला तो दिसत होता.

‘घेतो, घेतो,’ नाथाजी म्हणाला. ती आणखी काय बोलते ते ऐकायला त्यानं कान छत्रीखाली नेला आणि हातातली ओली शेणी जाळात सारली.