दिवस मावळल्यानंतरची भाकरी

सप्टेंबर १९९४. कोयनेच्या जलाशयावरच्या डोंगरधारेवर वनस्पतींचे नमुने गोळा करायला मी आणि माझी विद्यार्थिनी चंदनबाला चढलो होतो. मुक्काम वनखात्याच्या जुन्या दगडी चौकीत. दारातून डावीकडे झरा, उजवीकडे थोड्याच अंतरावर सरळ तुटलेला कडा.

वाट दाखवायला आलेले केरबा दुपारी परत निघाले. चंदनबाला पलूसकडची जैन. दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसे.

"पोरी, आत्ताच हाण दोन भाकरी," केरबा म्हणाले. "रातच्याला पोट बोंबललं तर मॅडमना झोप न्हाई लागायची."

"जेवतेच की मामा. न्हाईतर माझ्या वाटणीचंबी तुमीच संपवाल."

ते हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धुकं आलं तर आत असंल तिनं हाका मारत ऱ्हायाचं. भायेरची आवाजावर येती. हितं दुसरा विलाज न्हाई."

संध्याकाळी चंदनबाला कळशी घेऊन झऱ्यावर गेली आणि धुकं उतरलं. उंबऱ्यातून पुढे केलेला माझाच हात पुसट झाला. मी तिच्या नावाने हाका मारत राहिले. बऱ्याच वेळाने ती आली, तेव्हा थांबले.

हातात कळशी नव्हती.

"पडली," ती म्हणाली.

नुसतं दारात उभं राहूनही माझी साडी ओलसर झाली होती. तिचे केस कोरडे होते. कारण सुचेना. मी कंदील लावला.

अंधार पडल्यावर एकटीसाठी डबा उघडला. तिने हात पुढे केला.

"मला दे."

ती मला कधी एकेरी बोलली नव्हती.

"अगं, दिवस मावळलाय."

तिने भाकरी घेतली. ठेचा घेतला, कांदाही. चावण्याचा आवाज येत नव्हता.

तेवढ्यात बाहेरून चंदनबाला ओरडली.

"मॅडम! हाका का थांबवल्या? वाट दिसंना. पायाखाली उतार लागलाय!"

आतली खात राहिली.

मी दारात धावले. सगळा जोर लावून ओरडले. घशाच्या शिरा ताणल्या, ओठ हलले. दारात काहीच ऐकू आलं नाही.

माझी हाक कड्याच्या पलीकडून आली.

"इकडे ये, चंदन!"

"आले, मॅडम," ती सुटकेने म्हणाली, आणि तिची पावलं तिकडे वळली.