पोचल्याचा फोन

बबीला त्या दुपारी फक्त खोलीची चावी हवी होती. शहर कसं आहे, रस्ते किती रुंद आहेत, झाडांवर एकही पान का नाही, हे सगळं नंतर निवांत बघता आलं असतं. दोन विमानं, मधल्या विमानतळावर धुक्यापायी अडकून काढलेली अख्खी रात्र, आणि उतरल्या उतरल्या निखळलेलं बॅगेचं चाक. पाठीचा काटा पार ढिला झाला होता आणि डोकं तर केव्हाच फिरलं होतं.

वसतिगृहाच्या काचेमागे बसलेल्या व्यवस्थापकानं तिचा पासपोर्ट उघडला, तिच्याकडे पाहिलं आणि पासपोर्ट परत सरकवला.

"चावी काल दिली की."

"कोणाला?"

"तुम्हाला."

हसावं की रडावं, बबीला कळेना. परक्या भाषेत भांडायचं म्हणजे मोठीच पंचाईत. नेमका शब्द आठवेपर्यंत राग शिळा होऊन जातो.

"अहो, मी आत्ता येतेय. ही बॅग बघा ना."

"काल आलात तेव्हाही हीच बॅग होती. चाक तेवढं धड होतं. चावी हरवली असेल तर सरळ सांगा, उगाच गोष्टी कशाला रचता?"

त्याच्याशी डोकं लावत बसायला तिला वेळ नव्हता. विद्यापीठात स्वतः जाऊन हजर व्हायचा तो शेवटचा दिवस होता, नाहीतर तिची जागा पुढच्या कोणाला तरी गेली असती. त्या जागेसाठी बबीनं दोन वर्षं डोळे फोडले होते, ठरत आलेलं लग्न मोडलं होतं आणि 'पोरगी हातची गेली' हे आत्याचं पालुपद निमूटपणे ऐकून घेतलं होतं. ती बॅग फरफटत तशीच निघाली.

शहर विलक्षण गप्प होतं. कोणी कोणाला हाक मारत नव्हतं, कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. तिच्या मोडक्या चाकाची खरखर तेवढी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून परत येत होती. हवेला ओल्या लोखंडाचा वास होता आणि दुपार असूनही उजेड मावळतीला आल्यासारखा दिसत होता. कोपऱ्यावरच्या पाववाल्याला तिनं रस्ता विचारला, तर तो वैतागून म्हणाला, "काल सांगितला होता ना? तीच गल्ली!"

या गावाला वेड लागलंय, बबी मनात म्हणाली. पण तिची पावलं आपोआप भराभर पडू लागली.

विद्यापीठाच्या कचेरीतल्या कारकूनबाई स्वेटरच्या बाह्या खाली ओढत म्हणाल्या, "तुमचं काम काल झालं. ओळखपत्रही नेलंत."

"नाही झालं! मी काल इथं नव्हतेच!"

बाईंनी सुस्कारा सोडून संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. तिथं बबीचा फोटो होता. ताजीतवानी, हसरी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली बबी. अशी वेणी तिला फक्त आई घालून द्यायची. आत्ता तिच्या डोक्यावर केसांचं टोपलं झालं होतं.

"कधी काढला हा?"

"सांगितलं ना... काल दुपारी."

जागा शाबूत होती. खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. पण काल दुपारी आपण कुठं होतो, हे बबीला आठवलं.

काल दुपारी ती त्या मधल्या विमानतळावर लोखंडी खुर्चीत बसून आईला फोन करत होती. आईचा नेमच होता. घरचं माणूस गावाला गेलं की पोचल्याचा फोन येईपर्यंत ती पाण्याशिवाय काही तोंडात घालायची नाही. त्यात तिला साखरेचा आजार. फोनवर तिचा आवाज ऐकूनच बबीला समजलं, ही सकाळपासून उपाशी आहे. मग तिनं बेधडक सांगून टाकलं, "पोचले गं आई. खोली छान आहे. खिडकीला निळा पडदा आहे. शेजारीण भली आहे, आल्या आल्या चहा दिला. जेव तू आता." पडदा खोटा, शेजारीण खोटी, चहाही खोटाच. आईच्या पोटात दोन घास जावेत, एवढीच तिची इच्छा होती.

ती वसतिगृहात परतली तेव्हा काचेमागे कोणी नव्हतं. तिनं बॅग एकेक पायरी करत वर ओढली. प्रवेशाच्या पत्रात लिहिलेल्या आपल्या खोलीच्या दाराशी येताच शेजारचं दार उघडलं आणि एक मध्यमवयीन बाई डोकावली.

"पुन्हा आभार मानायला आलीस का? अगं, एका कप चहाचं काय एवढं!" ती हसली. मग तिची नजर बॅगेवर गेली, बबीच्या केसांवर गेली, आणि तिचं हसू मावळलं. "पण तू तर आत्ता... आत गेलीस..."

तिनं दार लावून घेतलं.

बबीनं आपल्या दाराला कान लावला. दारातून खोबरेल तेलाचा वास येत होता. आत कोणीतरी मराठीत बोलत होतं. आवाज तिचाच होता. "हो गं आई, पोटभर जेवले. तू गोळी घेतलीस ना?"

माझी खोली, माझी जागा, आणि आता माझी आईसुद्धा? तिनं आईला फोन लावला. आईकडे बटणांचा साधा फोन होता. पुष्कळ वेळानं तिनं तो उचलला.

"आई, मी बबी बोलतेय."

"कोण?"

"आई, बबी! ऐक, तू आत्ता जिच्याशी बोलतेयस, ती..."

"बबी तर ह्यांच्या फोनवर आहे." आईचा आवाज एकदम खाली आला. "समोर दिसतेय मला."

"ती मी नाहीये गं... आई, मी बाहेर उभी आहे. दाराबाहेर..."

आई चिडली असती, ओरडली असती, तर बबीला बरं वाटलं असतं. पण आई घाबरलेलीसुद्धा नव्हती. दारात आलेल्या कोणा अनोळखी पोरीशी बोलावं, तशी ती मऊपणानं म्हणाली, "रडू नकोस, बाळ. कुणाची गं तू? जेवलीस का काही?"

आतलं बोलणं थांबलं होतं. दाराकडे कोणीतरी सावकाश चालत येत होतं. मग तिचा स्वतःचा आवाज दोन्हीकडून ऐकू आला, फोनमधून आणि दारामागून.

"आई, तू नको काळजी करूस. तिला मी घेते आत."

"घे गं बाई," आई म्हणाली. "बाहेर थंडी आहे."

आतून कडी निघाली.