तांबड्या दिव्याखालचा शब्द

साळवी स्टॉपच्या मागच्या गल्लीत आमचं दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे अण्णांचं, मी अजून ‘आमचं’ म्हणते. गंगाराम अण्णा माझे नात्यातले कोणी नव्हते. मी डिप्लोमा करून आले आणि त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं सोल्डरचा धूर खाल्ला, एवढंच नातं. ते गेले त्याला येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. त्यांची आतली खोली मी रोज झाडते, पण तिथे बसत नाही.

बॅटऱ्या तपासायचं लोड त्यांनीच बांधलेलं. बॅटरी जोडायची, नॉब फिरवायचा, लोड तिच्यातून हवा तेवढा करंट ओढतं. करंट मर्यादेबाहेर गेला की आतला रिले टक् करून सगळं तोडतो आणि तांबडा दिवा लागतो. दिव्याखाली अण्णांच्या अक्षरातली चिकटपट्टी आहे: ‘आवर’. माझ्या पहिल्याच महिन्यात मी नॉब फिरवत होते आणि ते आतून ओरडले, “आवर! आवर!” मला वाटलं, लवकर उरक म्हणतायत. मी भराभर फिरवला आणि आतले चार मॉसफेट ट्रान्झिस्टर जाळले. रागावले नाहीत. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ही पट्टी लावली, आणि पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला माझी ती फजिती सांगितली. त्या हसण्याची मला आजही फार आठवण येते.

नारळी पौर्णिमेनंतरच्या सोमवारी काळबादेवी गावचे धाकूदादा बॅटरी घेऊन आले. दुकानात पहिल्यांदाच येत होते. होडीसाठी दोन नव्या घेतलेल्या. एक इथे आणली, दुसरी मिरकरवाड्याच्या बंदरात होडीत बसवून झालेली. मुलगा अनिल दुसऱ्या दिवशी समुद्रात जाणार होता.

“एक तपासलीस की झाला,” दादा म्हणाले. “शितावरनं भाताची परीक्षा.”

“बॅटरी म्हणजे भात नव्हे हो दादा.”

मर्यादा तीस अँपियरला लावली. बाराला टक्. तांबडा दिवा.

पुन्हा लावलं. बाराच. बॅटरीचा व्होल्टेज तसूभरही उतरला नव्हता, म्हणजे दोष लोडमध्ये. झाकण उघडलं. करंट मोजणारा शंट बरोबर होता. मर्यादा ठरवणारा व्होल्टेज स्थिर. दोन्हींची तुलना करणारा आयसी बदलला. खात्रीसाठी दुकानातली जुनी इन्व्हर्टरची बॅटरी लावली, तर लोडने तिच्यातून तीस अँपियर निमूट ओढले. दादांची लावली, की बाराला टक्.

दुपारचे तीन वाजले. दादा आतल्या खोलीच्या दाराशी बाकावर बसून होते. शेवटी वैतागून मी संरक्षणाच्या सर्किटकडून रिले आणि दिव्याकडे जाणारी वायरच उपटली. आता लोड तोडणारं काही उरलं नव्हतं. अण्णा असते तर हातावर फटका बसला असता.

नऊ. दहा. अकरा.

टक्.

दिवा लागला. वायर माझ्या बोटांत होती.

“बाय, सांगितला गो मी अनिलला,” दादा म्हणाले.

“काय सांगितलंत?”

“तुझे बाबा आतून दोनदा बोलले ना, आवर, आवर म्हनून. म्हटला, जुना मानूस घाई करतोय त्यात कायतरी असल. फोन केला, उद्याची वाट बघू नको, हाय त्या बॅटरीवर होडी सोड.”



“लवकर उरक नव्हे हो, थांबव म्हणतायत! फोन लावा त्याला!”

कोण म्हणतंय, हे मी स्वतःला विचारलं नाही.

दादांनी स्पीकरवर लावला, अनिलने उचलला. मागे इंजिनाची धडधड होती. मी ओरडले, “इंजिन बंद कर. आधी बॅटरी सोडव.”

धडधड थांबली. बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता.

“पोट फुगलाय तिचा,” अनिल म्हणाला. “वायरीचा प्लास्टिक वितळून डिझेलच्या पाइपावर आलाय, बाबा. काढली मी. बाजूची होडी ओढून नेतेय आमाला.”

दादा रडले. मग त्यांनी चपला काढल्या आणि मी काही बोलायच्या आत ते आतल्या खोलीत गेले. दारातून मला त्यांची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती. क्षणभर तसेच राहिले, आणि डोळे पुसत बाहेर आले.

“बाबांचे पाय गार पडलेत गो,” ते म्हणाले. “मोजे घाल त्यांना.”