पहाटेचा पंखा

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की गॅरेजचं शटर वर केलं तरी समोरचा रस्ता दिसेना. नुसता आवाज आला... खड्, खड्, फुस्स. मग धुक्यातून पांढरा डगला घातलेला एक माणूस जुनी निळी गाडी ढकलत माझ्या दारात आला. माझी पाचावर धारण बसली, खोटं कशाला बोलू!

"घाबरलात?" तो धापा टाकत म्हणाला. "मी दातांचा डॉक्टर. पलीकडच्या गल्लीत दवाखाना आहे."

"मग घाबरायलाच हवं की!"

तो हसला. हसताना एक भुवई जरा वर गेली, आणि मी उगाचच हात पुसायला फडकं शोधू लागले. फडकं खांद्यावरच होतं.

"मिस्त्री कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर. काकांचं गॅरेज आहे, पण नट मीच पिळते. बोला."

"बॅटरी रोज उतरते. आणि... हसणार नसाल तर सांगतो. गाडी बंद असते, चावी माझ्या उशाशी असते, आणि पहाटे हिचा पंखा आपोआप फिरायला लागतो."

मी हसले नाही. बॉनेटवर हात ठेवला होता, तो मात्र काढून घेतला.

"गाडी बाबांची," तो हळूच म्हणाला. "ते पहाटेच कामाला निघायचे. गेल्या वर्षी झोपेतच गेले, कुणाशी एक शब्द न बोलता. आता पंखा वाजला की आई शाल गुंडाळून खाली जाते. शेजारच्या सीटवर बसते आणि बोलत राहते. मी खिडकीतून बघतो ना, तेव्हा... ड्रायव्हरच्या सीटकडे बघायची हिंमत होत नाही माझी."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण मिस्त्रीने घाबरून कसं चालेल? टॉर्च घेतला नि वाकले. रेडिएटरजवळचा सेन्सर चिरलेला होता, आत तांबं हिरवं पडलेलं.

"हे बघा तुमचं भूत. इंजिन तापलं की हा सेन्सर पंखा सुरू करतो. पण चिरेतून दव शिरतं, आणि इंजिन गारठलेलं असतानाही हा खुशाल सांगतो, तापलोय, वारा घाला! दव पहाटे पडतं, म्हणून पंखा पहाटे."

"एवढंच?" त्याला हायसं वाटलं, आणि थोडं वाईटही. ते मला त्याच्या तोंडावर दिसलं.

मी नवा सेन्सर बसवला. जुन्यावर लाल ठिपका लावून तो भंगाराच्या डब्यात टाकला. बाद झालेला भाग चुकून परत बसवला जाऊ नये, म्हणून मी ठिपका लावतेच.

आठवड्याच्या आत स्वारी पुन्हा हजर. "पंखा... परत फिरतोय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझं काम, आणि परत? बॉनेट उघडलं, वाकून टॉर्च मारला. आत जुनाच सेन्सर होता. लाल ठिपक्यासकट!

भंगारात टाकलेली वस्तू आपल्या पायांनी चालत कशी गेली? गॅरेज एकदम गार वाटलं. मग माझं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. नखांत काळं ऑइल, आणि दोन बोटांना पट्ट्या.

"डॉक्टर," मी म्हणाले, "दातांत ऑइल कधीपासून भरता?"

त्याने मान खाली घातली. "पंखा वाजेना, तर आई जेवेना. दोन दिवस एक घास नाही. मग पैसे द्यायच्या निमित्ताने आलो होतो ना, तुम्ही चहा करायला आत गेलात तेव्हा डब्यातून..."

"चोरी!"

"चोरी. पण मग आज परत का आलो, ते विचारा ना."

"का?"

"ते... आई जेवतेय, पण मला जेवण जात नाही. तुम्हाला बघितल्यापासून."

बाई गं! माझ्या हातातला पाना घसरून त्याच्याच बुटावर पडला. तो ओरडलासुद्धा नाही.

"हे लाडीगोडीचं राहू द्या," मी पाना उचलत म्हणाले. "वायर बघा, तापून काळी पडलीय. एखाद्या पहाटे पेट घेईल, आणि आत तुमची आई असेल. हे उद्या पहाटेच काढायचं. पण त्यांना सांगून. चोरून नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या अंगणात उभी होते. धुक्यात गाडी दिसत नव्हती, फक्त पंखा घरघरत होता. जवळ गेले. शेजारच्या सीटवर त्याची आई. पाठ ताठ, मान ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे.

"ये," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "मिस्त्रीण ना तू?"

मी सगळं सांगून टाकलं. दव, चीर, काळी वायर.

"मला काय वेड लागलंय, गं?" त्या म्हणाल्या. "माणूस गेला की गेला, कळतं मला. पण हा आवाज असला की बोलता येतं. गप्प गाडीत एकटीनं बोलायची लाज वाटते." पदराने डोळे टिपून त्या म्हणाल्या, "काढ. तुझं काम चालू असेपर्यंत मी माझं बोलून घेते."

काकांनी शिकवल्याप्रमाणे मी आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या. पंखा थांबला. मग सेन्सर काढून खिशात टाकला. डॉक्टर शेजारी टॉर्च धरून उभा. शांतता अशी, की त्याचा श्वासही मला ऐकू येत होता.

"ऐकलंत का," आत आई बोलू लागल्या. "पोराची काळजी होती ना तुम्हाला? याला ही मिस्त्रीण आवडलीय. हात काळे आहेत, पण खोटं बोलत नाही. माझ्या मनात भरलीय. तुमचं काय?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याने टॉर्च भलतीकडेच वळवला.

आणि पंखा फिरला. एकदाच, सावकाश... घर्रर्र... आणि थांबला.

"वायर लावलीत का हो?" तो कुजबुजला.

मी दोन्ही हात वर केले. एकेका हातात एकेक सुटी वायर. वारा नव्हता. धुकंसुद्धा जागचं हलत नव्हतं.

आई गाडीतून उतरल्या आणि दार अगदी हलकेच लावलं. कुणी झोपलेलं असावं तसं. "हो म्हणाले," त्या म्हणाल्या. "चला, मला भूक लागलीय." आणि मागे वळून न बघता घरात गेल्या. त्या पुन्हा कधी पहाटे खाली आल्या नाहीत.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" त्याने विचारलं.

"वाटतेय की! म्हणून तर म्हणते, तो टॉर्च ठेव आणि माझा हात धर."

त्याने धरला. ऑइलने काळा झालेला, तसाच.